गालाच्या कमानीला बांधलेली चिठ्ठी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज खोली मिळाली. खिडकीसकट! तीन महिने ओळखीतल्या एका ताईंच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी झोपून काढल्यावर खिडकी म्हणजे काय चीज असते ते मलाच ठाऊक. पंचवटीतली तीन मजली इमारत, पहिला मजला, गंगा चालत पाच मिनिटं. गोदावरी म्हटलं की इथले लोक बाहेरगावचे म्हणून बघतात, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून गंगाच म्हणायला लागले आहे. कॉलेजची बस कोपऱ्यावर येते. खोलीत सोबतीला हर्षाली आहे, नांदगावची, माझ्याच वर्गातली. बाई एमबीबीएस करतेय आणि झुरळाला घाबरते.

घर स्वरदाताईंचं. नवरा पुण्याला नोकरीला. इथे त्या आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना सगळे गुरुजी म्हणतात. पन्नास वर्षं गंगेवर लोकांची क्रियाकर्मं केली, आता नजर गेली म्हणून दोन वर्षं घरीच असतात. स्वरदाताईंनी नियम सांगितले. अंडं नाही, मासळी नाही, देवघराच्या भिंतीकडे पाय करून झोपायचं नाही. मग गोड आवाजात विचारलं, भोये म्हणजे नेमके कोण? मी सांगितलं, कोकणा आदिवासी, सुरगाण्याचे. त्या म्हणाल्या, हो का, छान. हर्षालीचा चहा कपातून आला, माझा स्टीलच्या पेल्यातून. असो. खिडकी आहे.

गुरुजींनी नाव विचारलंच नाही, फक्त गाव विचारलं. त्यांच्या कामात म्हणे माणूस गावावरून ओळखायचा असतो. त्यामुळे हर्षाली झाली नांदगाव आणि मी सुरगाणा. “सुरगाणा, वारं गार आहे, कानाला बांध काहीतरी,” असं मागच्या गॅलरीतून ओरडले. मला ते आवडले.

१९ जानेवारी

हाडांचा सेट मिळाला, आणि खरा! हल्ली बहुतेकांकडे प्लॅस्टिकचा असतो. एक वर्ष पुढे असलेल्या तेजश्रीने दिला. निफाडच्या द्राक्षांच्या खोक्यात सगळा माणूस बसवलाय. मांड्या तिरक्या, फासळ्या जुडी करून, वर कवटी. खोक्याच्या झाकणावर याआधीच्या पाच मालकांची नावं आहेत, चार खोडलेली. तेजश्रीने स्वतःचं माझ्यासमोर खोडलं.

कवटीची मात्र वेगळी पद्धत आहे. अभ्यासाच्या हॉलमध्ये कवट्यांची अदलाबदल होते, म्हणून गालाच्या हाडाची जी कमान असते तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, मालकाच्या पूर्ण नावाची. ओळखपत्रावर असतं तसं. मी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘रोशनी पुंजा भोये’, आणि बांधून टाकलं.

मी विचारलं, हा माणूस कोण असेल गं? तेजश्री म्हणाली, बेवारस कुणीतरी. तुमच्याकडचंच असेल, द्राक्षाच्या कामाला आलेलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. आता लिहिताना राग येतोय. माझे आई-बा या घडीला निफाडला द्राक्षाच्याच कामावर आहेत.

२७ जानेवारी

अॅनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत मी आपटले होते, ते इथे लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण सूचना लागली आहे. डोकं-मानेची तोंडी परीक्षा ८ फेब्रुवारीला. हीही गेली तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, म्हणजे वर्ष गेलं. मागच्या वेळी पास झालेल्यांची यादी बोर्डावर लागली तेव्हा मी तीनदा वाचली. वर्गातला एकजण मागून म्हणाला, कोट्यातली नावं वेगळ्या बोर्डावर असतात. मी वळून बघितलंसुद्धा नाही. बघायला हवं होतं.

रात्री बाचा फोन आला. त्याला परीक्षा-बिरीक्षा कळत नाही, यादी कळते. “बोर्डावर नाव लागला का फोटो धाड, पोरी.” मागून आई सांगत होती, नीट जेव म्हणावं.

मला दुसरं काही नको. त्या बोर्डावर माझं नाव पाहिजे. एकदा.

२ फेब्रुवारी

बारा नसा. मेंदूच्या बुडातून बारा जोड्या निघतात आणि कवटीच्या भोकांतून बाहेर पडतात. वासाची पहिली, नाकाच्या छताला जी हाडाची चाळणी आहे तिच्यातून. दिसण्याची दुसरी. सातवी चेहऱ्याची, ती कानामागच्या बारीक भोकातून निघते आणि आपलं हसू, डोळे मिटणं सगळं तिच्याकडे. दहावी आवाजाची आणि काळजाचीही. बारावी जिभेची. मी आईच्या गोधडीचे उरलेले रंगीत दोरे एकेका भोकातून ओवले आहेत. दोरा ओढला की नस सांगायची. पोपटासारखं पाठ करण्यापेक्षा हे बरं.

हर्षाली आणि मी एकमेकींना तपासतो. डोळे मिटून लवंग हुंगायची, गाल फुगवायचे, खांदे उचलायचे, जीभ काढायची. स्वरदाताई पाण्याची कळशी घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघी जिभा काढून बसलो होतो. त्या तशाच परत गेल्या.

एकच अडचण. हर्षालीला बाकीची हाडं खाटेखाली चालतात, कवटी चालत नाही. म्हणते, तोंड नको, रात्री बघतं ते. डॉक्टर होणार आहे ही! शेवटी आईच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं होतं त्यात कवटी गुंडाळली, चिठ्ठी बाहेर राहील असं बघितलं आणि मागच्या गॅलरीतल्या खिळ्याला टांगली. तिथे कुणी येत नाही. फक्त गुरुजी सकाळी तुळशीला पाणी घालतात, आणि त्यांना दिसतं कुठे.

६ फेब्रुवारी

आज डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मालिनचा वासच आला नाही. पहिल्यांदाच डोळ्यांतून पाणी न काढता चार तास उभी राहिले. मला वाटलं, चला, सरावलो आपण. घरी आले तर स्वरदाताईंनी उदबत्ती लावलेली, तिचाही वास नाही. लवंग हुंगली, नाही. सर्दी असेल.

कवटीचा वरच्या बाजूचा एक हलणारा दात गायब आहे. हर्षालीवर ओरडले, ती म्हणते तिने फडक्याला हातही लावला नाही. गाठही मी मारते तशी नव्हती, आणि आत तुळशीचं पान. कुंडी शेजारीच आहे, वाऱ्याने आलं असेल.

स्वरदाताई आज खुशीत आहेत. गुरुजी दोन वर्षांनी पुन्हा गंगेवर गेले. रिक्षा सांगून, एकटे. कुणाचं तरी करायचं आहे म्हणाले, ज्याचं कुणी नाही. दक्षिणा न घेता. दहा दिवस रोज जाणार.

८ फेब्रुवारी

झाली परीक्षा.

लतिका मॅडम फार कडक आहेत. त्यांनी कॉलेजची कवटी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटायला सांगितलं. मग त्या कुठल्यातरी भोकात तार घालणार आणि मी बोटाने चाचपून ओळखायचं. मी बोट लावलंच नाही. मॅडमनी तार कवटीत घातली आणि ती मला माझ्या कानामागे टोचली. मी म्हटलं, सातवी, चेहऱ्याची. पुढची तार डोळ्याच्या मागे टोचली. त्यापुढची घशाच्या बाजूला, खोल. बाराही बरोबर आल्या. मॅडम म्हणाल्या, तू पाठ केलेलं नाहीस, तुला कळलंय. यादी १७ला, सोमवारी.

मी खूश व्हायला पाहिजे. पण कानामागे अजून दुखतंय. आणि ज्या जागचा कवटीचा दात गेला, त्याच जागचा माझा दात हलतोय.

१० फेब्रुवारी

सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या ओठाकोपऱ्यातून खाली. आरशात बघितलं. डावी बाजू उतरली आहे. डावा डोळा मिटत नाही. हसून बघितलं, फक्त उजवीकडे हसू येतं.

कॉलेजच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, गार वारं लागलं, होतं असं, तीन आठवड्यांत बरं होईल. गोळ्या दिल्या. मग हसून म्हणाले, सध्या क्रेनियल नर्व्हज शिकताय ना? पहिल्या वर्षाच्या पोरांना जे शिकतात तेच होतं. सगळे हसले. हर्षालीसुद्धा, नंतर तिने माफी मागितली.

गुरुजी जिन्यात भेटले. ओले, थकलेले, पण तोंडावर समाधान. म्हणाले, “सुरगाणा, पाचवा झाला बघ. पार पडतंय.” मी बरं म्हटलं. जीभ जड लागली.

११ फेब्रुवारी

एकाचे दोन दिसतात. स्वरदाताई दोन, दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव: ही आपल्या घरात आजारी पडू नये. डाव्या कानाने ऐकू येणं बंद. एमआरआय काढला, स्वच्छ आहे म्हणाले. डॉक्टर आता हसत नाहीत.

वरणभात खाल्ला, चव नाही. दात पडला. दुखलं नाही.

हे चढत्या क्रमाने होत नाहीये, पुस्तकासारखं नाही. मी वहीत बारा आकडे मांडून खुणा करत बसले आणि मग पान फाडून टाकलं. बाला फोन करावासा वाटला, पण आवाज बसलाय. घाबरेल.

१२ फेब्रुवारी

आज दुपारी कवटी खाली काढली.

ती गरम आहे. उन्हामुळे नाही, गॅलरीत या वेळी सावली असते. मी हर्षालीला हात लावायला लावला. तिने लावला आणि लगेच काढला आणि पदराला, नाही, ओढणीला पुसला. हाड ओलं होतं. मी ओवलेले दोरे सगळे ताणलेले, जणू आतून कुणी धरलेत. निळा दोरा ओढून बघितला, आला नाही. पण माझी पापणी फडफडली. मिटत नव्हती ती डावी.

आणि डाव्या खोबणीत पाणी होतं. डोळा नाही तिथे, हर्षाली, डोळा नाही, तरी पाणी होतं. तू पण बघितलंस.

आता हर्षालीशी वहीतच लिहून बोलते. आवाज गेला.

१३ फेब्रुवारी

कळलं.

नीट लिहिते. हात अजून माझा आहे. हाताच्या नसा कवटीतून जात नाहीत, एवढंच नशीब.

सकाळी गुरुजी गॅलरीत फडक्यापुढे हात जोडून उभे होते. हर्षालीने विचारलं, गुरुजी, हे काय करता? ते म्हणाले, बिचारीचं चाललंय माझ्या हातून. कुणीतरी आणून इथे टांगून गेलं. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर टांगतात, म्हणजे जाणतं माणूस होतं. जाळलेली नाही, डोंगराकडचे लोक पुरतात, उकरून आणली असेल मुक्ती मिळावी म्हणून. चिठ्ठी बांधलेली, चष्मा आणि भिंग लावून वाचली. दोन दिवस वाट बघितली, कुणी आलं नाही. तर दात नेला, अस्थी म्हणून गंगेत सोडला, आणि त्याच दिवसापासून पिंड सुरू केले. गोत्र माहीत नव्हतं, काश्यप लावलं. मग त्यांनी नाव घेतलं. स्वच्छ, खणखणीत, गंगेवर घेतात तसं.

रोशनी पुंजा भोये.

एक महिना या घरात मी सुरगाणा आहे, अगं ए आहे. माझं नाव या घरात एकदाच कुणी घेतलं, आणि ते पिंडावर.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हर्षालीने सांगितलं, ही रोशनी. ही जिवंत आहे. गुरुजींनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. उतरलेल्या बाजूवर त्यांचा हात थांबला. मग ते खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. रडले. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. भलं करायला निघालेला माणूस आधी विचारत का नाही, एवढंच मनात येत राहिलं.

हर्षाली पाणी आणायला आत गेली, तेव्हा ते म्हणाले ते असं. रोजच्या पिंडाने गेलेल्याला एकेक अवयव मिळतो. आधी डोकं, मग डोळे, कान, नाक. नाव माझं घेतलं, म्हणून ते माझ्याकडून जातायत. दिलेला पिंड परत घेता येत नाही. आठ झाले. अर्धवट सोडलं तर मी ना इकडची ना तिकडची. दहावा करावाच लागेल. पण दहाव्याला कावळा शिवला तरच माणूस गेला. मनात इच्छा उरली असेल तर कावळा शिवत नाही, हे त्यांनी पन्नास वर्षं बघितलंय. दुपारचे बारा वाजेपर्यंत नाही शिवला, तर ते दर्भाचा कावळा न करता पिंड उचलतील, विधीतून माझं नाव काढून घेतील आणि मी सुटेन. त्यांनी माझा हात धरला. “इच्छा घट्ट धर, पोरी. पुरी होऊ देऊ नकोस. आणि कुणाला सांगू नकोस, कुणी पुरवायला निघालं तर घोटाळा होईल.”

यादी सोमवारी आहे. दहावा शनिवारी. माझी इच्छा सोमवारपर्यंत पुरी होऊच शकत नाही.

वाचेन मी.

१४ फेब्रुवारी

गिळता येत नाही. पाणी नाकातून येतं. खांदे उचलत नाहीत.

कवटीकडे बघत बसले. त्याची, तिची, कुणाची ती? सहा जणांनी हिच्यावर आपली नावं लावली, हिचं कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी तर सुंदर अक्षरात लिहिलं. आता तिला नाव मिळालंय, ती सोडेल कशाला —

चिठ्ठी काढायला गेले. दोरा हाडात गेलाय. वर काहीतरी आलंय, मऊ —

आईला सांगू नका.

१५ फेब्रुवारी, शनिवार. गंगेवर

उजव्या डोळ्याने धूसर दिसतं. उजवा कान चालू आहे. पायरीवर बसून लिहिते. लिहीत राहिलं की मी आहे.

साडेनऊ. गुरुजींनी पिंड मांडला. पलीकडच्या कठड्यावर कावळे, आठ-दहा. बघतात. येत नाहीत.

दहा. येत नाहीत. धरलंय मी. बोर्ड. बोर्डावर नाव. नाही लागलं अजून. नाही लागलं.

स्वरदाताई पण आल्यात, कावळा शिवला की मी बरी होईन असं समजून. लोक करतात तसं हात जोडून पिंडाला सांगतायत, तुझं काय राहिलं ते देऊ. काय हवं ते खा घरात, अंडं खा, मासळी खा. आता! मेल्यावर अंडं! मला हसू आलं, घशातच राहिलं. कावळे हलले नाहीत. बरोबर. मला अंडं नको होतं, ताई. कप हवा होता.

साडेअकरा. गुरुजी सारखं वर उन्हाकडे तोंड करतात. अर्धा तास. काळजाचा ठोका मध्येच चुकतो, दहावी — तरी धरलंय.

पावणेबारा. एक कावळा खाली आला. पिंडाभोवती फिरला. गेला. गेला!

बारा वाजायला दहा मिनिटं — हर्षाली उठली. फोन बघतेय. का धावतेय ती. पायऱ्यांवरून धावत येतेय, हसतेय, रडतेय. मॅडमनी यादी आज ग्रुपवर — नको. हर्षाली नको. मी मान हलवतेय, हलत नाही. आवाज नाही. वही दाखवतेय, ती बघत नाही, तिला वाटतं मला बरं वाटेल, तिला वाटतं याच्याने मी —

उजव्या कानाशी वाकली. मोठ्याने वाचतेय. पहिलं नाव. सगळ्यात वर. रोशनी पुंजा

ऐकायचं नाही. मी ऐकलं नाही. बाला फोटो धाडते म्हणतेय. नको गं

गुरुजी ओरडतायत. पंखांचा आवाज

मला आनंद झालेला नाही. मला नाही झाला. मला नाही झाला आनं